पंच मागे मागे जातात

३ जानेवारी
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टीव्हीवरच्या आमच्या बॉलरूम नाचाच्या स्पर्धेत यंदा माझ्या वाट्याला फुटबॉलचे निवृत्त पंच आले आहेत. चॅनेल नामवंत माणूस देतं, त्याला नाचवायचं आम्ही, आणि तो पडला की आम्हीही घरी. निर्मातेसाहेब म्हणाले, अंतिम फेरी गाठलीस तर पुढच्या वर्षी बघू. प्रेक्षकांना नवे चेहरे हवेत. माझा चाळिशीतला चेहरा जुना, त्यांचं टक्कल मात्र ताजं!

पंच सज्जन आहेत. पण वॉल्ट्झच्या जोडीनाचात बहुतेक वेळ पुरुषानं पुढे यायचं, बाईनं मागे जायचं. हे पुढे येतात ते थेट माझ्या पायावर. बोटं सुजली आहेत. हट्ट शाबूत आहे. भावजींना नमस्कार. लोभ असू दे, टोमणे बेतानं.

तुझी,
भिंगरी

११ जानेवारी
चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिला भाग पाहिला. पंच तुला कपाट सरकवावं तसे ढकलत होते. ब्लाउज शिवून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकिणीनं विचारलं, यांचं भांडण झालंय का.

पण हे म्हणाले, मैदानावर हा माणूस असा नव्हता, आणि जुना सामना लावून बसले. खेळाडूंवर नजर ठेवून पंच अख्खं मैदान उलटे धावत होते. काय तो डौल! तुझ्या भावजींच्या चालीत तो मी लग्नापासून शोधते आहे. जन्मभर उलटं धावलेल्या माणसाला तू पुढे ओढतेस, मग तो तुला तुडवेल नाहीतर काय?

थकली असशील तर निमूट इकडे ये, मागची खोली रिकामी आहे. निमूट राहणं तुला जमलंय कधी म्हणा.

आशीर्वाद आहेतच, बोटं शेक.
ताई

२ फेब्रुवारी
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा टोमणा तालमीत नेला. पंचांना सांगितलं, तुम्ही मागे जा, मी पुढे येते. ताई, वळूनसुद्धा न बघता ते पाण्यासारखे गेले! परीक्षकांनी नाकं मुरडून गुण कापले, प्रेक्षकांनी मतं देऊन फेरीमागून फेरी तारलं.

आता उपांत्य फेरी. निर्मात्यांनी बजावलंय, रीतसर नाचा, नाहीतर पुढच्या वर्षी तू नाहीस. पंचांना विचारलं. ते म्हणाले, कुणी डोळे वटारले म्हणून मी कधी शिट्टी बदलली नाही. आम्ही उलटेच नाचणार. खोली झाडून ठेव.

तुझी,
भिंगरी

६ फेब्रुवारी
चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खोली झाडणार नाही. नाच.
ताई

१५ फेब्रुवारी
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाहेर पडलो, हे तू पाहिलंसच. परीक्षकांच्या गुणांनी घात केला. पण पंचांनी शेवटची गिरकी घेतली तेव्हा प्रेक्षक उभे होते, तेही दिसलं असेल.

निर्माते मेकअपच्या खोलीबाहेर निरोप द्यायला उभे होते. चेहरा पडलेला, हात पुढे. हात हातात घेतला आणि सवयीनं मी एक पाऊल पुढे टाकलं. ते एक पाऊल मागे गेले. मग मी थांबलेच नाही. चालता चालता विचारलं, एवढी मतं यंदा दुसऱ्या कुठल्या जोडीला पडली? पाठ भिंतीला टेकली तेव्हा पुढच्या वर्षी मी आहे, हे त्यांच्याच तोंडून निघालं. जोडीदार मी निवडणार, हेही.

मागच्या खोलीत शिवणयंत्र ठेव. भावजींना उलटं चालायचा सराव करायला सांग. माया अशीच पुढे पुढे येऊ दे.

तुझी,
भिंगरी