भिंतीवरचा गणपती

॥ श्री गजानन ॥

प्रणितच्या बाबांना नमस्कार.

तुम्ही पाठवलेला स्वेटर, तांदळाचं पीठ आणि भावजींची चिठ्ठी पायथ्याच्या पोस्टात मिळाली. टपालाला दोनशे दहा रुपये कशाला घातलेत? पीठ इथंही मिळतं. गुडघ्याला तेल लावता ना?

आपला प्रणित ज्या खोलीत शेवटचा झोपला, तिथपर्यंत काल वाटाड्या शिवादादाबरोबर चढले. वाट फार उभी, वळणामागून वळण. दादा म्हणाला, “वर बघू नको गो, बघितलंस की डोंगर वाढतोय.” मला हसू आलं. माझी काळजी करू नका.

प्रणितला शोधणारी माणसं पावसामुळे खाली उतरली. परत येणार का, ते कुणी सांगत नाही.

खोली सांभाळणाऱ्या बाईने भिंत दाखवली. प्रणितने कोळशाने गणपती काढलाय. सोंडेचं वळण अगदी तुमच्या हातचं, पण डोळे नाहीत. बाई म्हणाली, “मी विचारलं, तर म्हणाला, डोळे शेवटी काढायचे असतात, खिंडीतून परत आलो की काढतो.” मग मला म्हणाली, “आता तूच काढ.” तिने कोळसा दिला. मी तो चुलीपाशी ठेवून दिला.

भावजी विचारतात, यंदा घरी गणपती बसवायचा की सुतक धरायचं? सुतक धरू नका. मूर्ती पाटावर ठेवा. तिचे डोळे दरवर्षी प्रणित आखतो. तुम्ही आखले तर नाहीत ना? इथे फोन लागत नाही. उलट टपाली तेवढं एकच कळवा.

तुमची,
अनिता