खराब ठेवायचा रस्ता

२ सप्टें.
पोरींची शाळेची बस बंद. धामणगाव बढ्याले जाणारी. काल नाल्यापाशी खड्ड्यात गाडीचा स्प्रिंग-पाटा मोडला, डेपोवाले म्हणतात आधी रस्ता करा, मग बस मागा. गावातल्या सात पोरी, त्यात आमची साक्षी.
सासूबाई लगेच : "सातवीत गेली, लय झालं. लिहता-वाचता येते ना?" नात आठवीत हाय हेही ठाव नाही. अन् साक्षीचे बाबा नेहमीसारखे, "पाहू." लग्नापासून ह्या माणसाचं पाहणंच सुरू हाय.

५ सप्टें.
भासरे तालुक्याले जाऊन आले. (यांचे मोठे भाऊ, गावचे सरपंच, एक नंबरचे पुळचट.) रस्त्याचं काम कटलं. सरकारची कपात म्हणे. "साहेब म्हणाले, शासनाजवळ पैसाच नाही." हे सांगतानाही छाती फुगलेली, काऊन तं साहेबानं केबिनमधी बसवून चहा पाजला.
मी चुलीपाशी. आमच्यात सून भासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, म्हणून साक्षीले म्हटलं, "विचार तुह्या मोठ्या बाबाले, पोरी शाळेत कशा जातील?" त्यांनीही तिलेच सांगितलं, "सांग तुह्या आईले, वर्षभर घरी बसल्यानं कोणी मरत नाही."
शाळा पाहिली असती तं कळलं असतं.

९ सप्टें.
घ्या! पैसा हाय. रस्त्याले नाही, चिखलाले हाय.
साहसी पर्यटन नावाची योजना. शहरातले लोक मोठमोठ्या जीपा घेऊन येणार अन् आमच्या नाल्यात फसवणार. मुद्दामून. मजा म्हणून! मंडप, जेवण, बक्षिसं, सगळं सरकारी खर्चानं. जागा पाहाले दोघं आले होते. एकाच्या पँटीले खिसेच खिसे. नाल्यापाशी उभा राहून म्हणे, "वा, काय टेरेन आहे!" जिथं पोरींच्या चपला रुतून बसतात तिथं या बुवाचा जीव हरखला. भासरे मान हलवून राह्यले. गावाचं नाव होईन म्हणे.
आग लागो त्या नावाले.

१० सप्टें.
यांना म्हटलं, साक्षीले डोणगावले माह्या भावाकडे ठेवू. सासूबाई आडव्या. लेकीची जात, दुसऱ्याच्या घरी कशाले? हे भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. फोडतच राह्यले.

१४ सप्टें.
उद्घाटनाले मुंबईहून कोणी मोठे पाहुणे येणार. मग काय, आमच्या गावाची सवयच. कोणी साहेब येणार म्हटलं की मुरूम टाका, पाणी मारा, कडेले चुना ओढा. मागं तहसीलदार आले तेव्हाही हेच. आताही भासऱ्यांनी दवंडी दिली, घरटी एक माणूस बोलावला, ट्रॅक्टर लावले. खड्डे बुजवले, नाल्यात पाइप टाकून भराव घातला. पाहुणे यावेळी खड्डेच पाहाले येऊन राह्यले, हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही!
माह्या आलं होतं. कालच. मी गुपचूप टोपल्या उचलल्या. शेजारची कांता म्हणे, "काय व, आज लय जोर आला तुह्या अंगात?" म्हटलं, पाहुण्यांसाठी व बाई, गावाचं नाव हाय.

१६ सप्टें.
रस्ता झाल्याचं डेपोत कळलं, अन् आज बस आली! ड्रायव्हर नाल्यापाशी उतरला, भरावावर पाय आपटून पाहिला, मग गाडी काढली. सातही पोरी गेल्या. साक्षी खिडकीतून हात हलवत होती. पोरगी दोन आठवड्यांनी हसली. मी घरी येऊन गोड शिरा केला, सासूबाईंनी विचारलं कशाचा, म्हटलं असाच.

१८ सप्टें.
खिसेवाला परत आला. रस्ता पाहून डोकंच धरलं त्यानं.
"अहो सरपंच, वाट लावली तुम्ही ट्रॅकची! हाच तर आमचा बेस्ट पॅच होता!"
भासरे हात जोडून, "चुकी झाली साहेब. पाहुणे येऊन राह्यले म्हणून..."
रस्ता चांगला केला म्हणून माफी मागणारा सरपंच ह्या डोळ्यांनी पाहिला. आता जेसीबी येणार, भराव काढणार, खड्डे खोदून त्यात पाणी सोडणार. त्याच्या डिझेलले कपात नाही बरं. अन् हे असं दरसाल होणार, म्हणून रस्ता कायम खराबच ठेवायचा.

त्याच दिवशी, सांज.
वर लिहिलं ते कमीच होतं. फसलेल्या जीपा ओढाले यांनी आपला ट्रॅक्टर लावून दिला. मले न विचारता. साक्षी म्हणे, "बाबा, बस बंद झाली तं मले ट्रॅक्टरवर सोडसान?"
"त्या दिवसाईत ट्रॅक्टर बुक हाय, बाई."
पोरगी उठून गेली. मी ताट आपटलं. भासऱ्यांले नावं ठेवत बसली होती मी, माह्या घरातलं हे ध्यान काय कमी हाय? किळस आली. नवऱ्याची किळस आली असं लिहू नये, पण आली.

२० सप्टें.
सासूबाईंचा हुकूम : बस बंद झाली की शाळेतून दाखला काढून आणा. कापूस वेचाले हात होतील. हे म्हणाले, "दिवाळीनंतर पाहू."

२१ सप्टें.
जेसीबी आला. दुपारपासून भासऱ्यांच्या अंगणात उभा. त्याचा ड्रायव्हर तिथंच जेवाले बसला, वाढाले आम्ही दोघी जावा. भासरे त्याले समजावून राह्यले, "उद्या सकाळी पयले नाल्यातला पाइप काढ."
मी भाकर वाढत होती. काय झालं कोण जाणे. साक्षी समोर होती, पण तिले नाही, सरळ त्यांनाच म्हटलं. काय म्हणून हाक मारायची तेही माहीत नव्हतं. दादा म्हटलं.
"दादा, चिखल खेळाले सरकारजवळ पैसा हाय, अन् तुम्ही त्याईले खड्डे खोदून देता. घरची पोरगी शाळेतून काढून. लाज वाटते मले तुमची. काढा पाइप. मी उभी राहीन तिथं."
ड्रायव्हरचा घास हातातच. जाऊबाईंनी तोंडावर पदर धरला. हे खांबाआड. भासरे माह्याकडे पाहेनात, साक्षीकडे वळले.
"साक्षी, सांग तुह्या आईले..."
वाक्य तिथंच तोडलं. टोपी घातली अन् निघून गेले. कुठं गेले, कोणाले सांगितलं नाही.
हे जेवले नाहीत. सासूबाई म्हणतात घराची अब्रू घालवली. कांता येऊन गेली, म्हणे सकाळी मी येते, बाकीच्या बायांचं सांगता येत नाही.
जेसीबी अजून अंगणातच हाय.
साक्षी विचारते, "आई, उद्या बस येईन का व?"
म्हटलं, मले काय माहीत. तू वेणी घालून तयार राह्य.