जन्मभराची बाटली

११ फेब्रु.
वाडीवर जाऊन आलो. आंब्याच्या निम्म्या कलमांवर मोहोर करपलाय. फवारणी चुकली असणार. पण हे सांगायचं कोणाला? गडी बागेत पाय टाकायला तयार नाहीत. बागेचा राखणदार देव रागावलाय म्हणे. बाबू गुरव बांधावर बसूनच होता, माझी वाट बघत.
"भाऊ, तुमच्या आबांनी जलमभर गावठी लावली. दोन वर्सांमागं दिलीपशेटनी इस्की लावली. गेल्या सालात कायच नाय. देवानं समजायचा काय?"
गेल्या साली वडील, म्हणजे आबा, गेल्याचं वर्ष होतं, म्हणून राखण, देवाचा वर्षाचा कोंबडा आणि बाटली, दिली नाही. त्याआधी आबा अंथरुणात आणि मी दारू सोडलेली, म्हणून धाकट्या भावाने, दिलीपने, मुंबईहून येऊन विमानतळावरची बाटली राखणदाराच्या दगडावर ओतली. वर फोटो काढला. निस्तरायचं मी.

१५ फेब्रु.
देवळात कौल लावला, देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून. गावठीची पाकळी पडेना. व्हिस्की म्हटल्यावर उजवी लगेच पडली. देवालाही दिलीपची सवय लागलेली दिसते.
कुठची व्हिस्की? बाबू म्हणाला, लावणाऱ्याच्या आवडीची. एक ठरवायची नि जलमभर तीच. आणि आबांचा नियम आहेच, दगडावर ओतली की पहिला घोट लावणाऱ्याने घ्यायचा. त्याशिवाय राखण पुरी होत नाही.
म्हटलं, मी चार वर्षं शिवलेलो नाही.
"येक घोटच तर हाय, भाऊ."
सगळे हसले. त्यातल्या दोघांनी मला गटारातून उचलून घरी आणलेलं आहे. तेही हसले.
सुलभाला सांगितलं नाही. बायकोपासून लपवायची सवय चार वर्षांनीही हाताशीच होती.

१६ फेब्रु.
मुलगी मनू मे महिन्यात येणार, लेकाला घेऊन. नातू चार वर्षांचा झाला, अजून रत्नागिरी बघितलेली नाही. मी त्याला फक्त फोनवर पाहिलाय.
मनूच्या लग्नात मुहूर्तावर मी मंडपात नव्हतो. कार्यालयामागे गाडीत बसलो होतो, दिलीपने आणलेल्या बाटलीसकट. कन्यादान दिलीपने केलं. पुढे नातवाच्या बारशाला मला बोलावलं नाही. त्या दिवसापासून सोडली.
आता तिची एकच अट. "बाबा, एक थेंबही नाही. मला कळतं." कळतं तिला. शाळेत असल्यापासून माझ्या नुसत्या हॅलोवरून ओळखायची. अर्धा पेग असला तरी.

२० फेब्रु.
आवडती कुठची, याचा विचार करायचा नाही असं ठरवून दिवसभर तोच केला.
घोडा (लेबलावर घोडा आहे ती). कोर्टात कारकून होतो तेव्हाची. स्पिरिटचा वास, दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायचं. नाइलाजाची.
जहाज. पगाराच्या दिवशीची. बरी.
आणि काळी. दिलीपची. झाकण उघडलं की ओल्या लाकडाच्या धुरासारखा वास. घशातून उतरताना जरा थांबते. ती घेतली की मी चांगला माणूस आहे असं वाटायचं, तासभर तरी. खोटं कशाला लिहू, मला ती अजून आवडते. मनूच्या लग्नात गाडीत होती ती हीच. दगडावर ओतली तीही हीच.
चार वर्षांत एवढं प्रेमाने कशाबद्दल लिहिलं नव्हतं. शरम वाटली. पान फाडणार होतो, राहू दे.

२४ फेब्रु.
दिलीपचा फोन. म्हटलं, तू लावलीस, तूच येऊन लाव.
"दादा, थोरला तू. आणि एका घोटाने काय होतंय? विल पॉवर पाहिजे."
विल पॉवर. हा शनिवारी क्लबात किती घेतो ते मला माहीत आहे. त्याला चढत नाही, म्हणून तो सज्जन आणि मी बेवडा. कन्यादानाचे फोटोही त्याच्याच हॉलमध्ये आहेत.

३ मार्च
एक शक्कल सुचली. घोडा लावायची. ती मला आवडत नाही, म्हणजे एका घोटावर थांबेन. जन्मभर वर्षातून एकदा तोंड वाकडं करायचं, झालं. बाबूला सांगितलं, घोडाच माझी आवडती.
बाबूने पान चघळत माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, देवाम्होरं उभं ऱ्हाऊन तसा बोलशाल?"
कोर्टात तीस वर्षं लोकांच्या खोट्या शपथा लिहून घेतल्या, कधी काही वाटलं नाही. इथे दगडापुढे खोटं बोलायचं धाडस होईना; घोडा रद्द. मोहोर अजून करपला तर गाव मलाच धरणार, हेही आहेच.

९ मार्च
वाइन शॉपसमोरून दोनदा गेलो. तिसऱ्यांदा आत. गल्ल्यावरच्या माणसाने उठून हात पुढे केला. "अरे काका! किती दिवसांनी! तब्येत बरी ना?"
सोडल्यापासून इतक्या आनंदाने कोणी विचारपूस केली नव्हती. घरी तर नाहीच. घरी सगळे माझा श्वास हुंगतात.
काळी वरच्या फळीवर होती. काही न घेता बाहेर पडलो. भाट्याच्या पुलापर्यंत चालत गेलो आणि तिथे कठड्याला धरून उभा राहिलो.

१२ मार्च
सुलभाला कळलं. मासळीबाजारात बाबूच्या बायकोने सांगितलं. बांगडे साफ करताकरता विचारलं तिने, मान वर न करता.
"कधी सांगणार होतात?"
म्हटलं, देवाचं आहे.
"तुमचं नेहमीच कोणाचं तरी असतं. साहेबांचं, मित्रांचं, दिलीपभावजींचं. आता देवाचं."
मग म्हणाली, "मनूच्या लग्नात गाडीत कुठची होती हो?"
आठवत नाही म्हटलं.
तिने बांगड्याचं डोकं कापलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी जेवलो नाही, तिने आग्रहही केला नाही.

१७ मार्च
शिमग्याची पालखी दारात आली. सुलभाने ओटी भरली. कपाळ टेकवून बराच वेळ होती. काय मागितलं, विचारायची हिंमत झाली नाही.
दुपारी व्हिडिओ कॉल. नातवाने आंब्याचं चित्र काढलंय, निळं. "आजोबा, तुमच्याकडे निळे असतात?" म्हटलं, तू ये, शोधू. मनू मागून माझ्या तोंडाकडे बघत होती. अजून पारखते. पारखू दे.

२१ मार्च
पालखी परत देवळात बसली. राखण उद्या, रविवारी. कोंबडा सांगितला. नारळ, विडे झाले. बाटली नाही. संध्याकाळी जातो म्हटलं तर सुलभा म्हणाली, राहू दे, उद्याचं उद्या.
काय राहू दे?

२२ मार्च, सकाळ
सुलभाने चहाबरोबर टेबलावर पिशवी ठेवली. भाजीची, कापडी. आत काळी. सीलबंद.
साठीची बाई, जन्मात त्या दुकानाची पायरी चढली नव्हती. काल दुपारी रिक्षाने गेली आणि रांगेत उभी राहून घेऊन आली.
"हीच ना? गाडीतून तुम्हाला काढलं तेव्हा सीटखालून मीच उचलली होती. नाव पाठ आहे मला."
मी पिशवीचं तोंड बंद केलं.
"हीच लावा. जन्मभर. देवापुढे आणखी खोटं नको. दरवर्षी पहिला घोट घ्याल तेव्हा कन्यादान आठवेल तुम्हाला. नाही आठवलं तर मी आहेच."
रडावंसं वाटलं. रागही आला तिचा, खूप. एवढा विश्वास टाकला की शिक्षा केली, कळत नाही.
विचारलं, मनूला काही बोललीस?
"सगळं सांगितलं. घोटाचंही. लपवाछपवी पुरे झाली."
"मग?"
"ऐकून घेतलं. संध्याकाळी सातला फोन करते म्हणाली. फोन तुम्हीच उचलायचा, मी नाही. मग तिकिटांचं बघते म्हणाली."
राखण दुपारी. कोंबडा शिजतो, गडी जेवतात. आबांच्या वेळेपासून बाटली तिथे संपवत नाहीत, उरलेली लावणाऱ्याबरोबर घरी येते. म्हणजे वाडीवरून घरापर्यंत रिक्षात ती आणि मी. झाकण एकदा उघडलेलं. मग सात वाजेपर्यंत दोन-अडीच तास.
आरशासमोर हॅलो म्हणून बघितलं. दोनदा. सुलभा दारातून बघत होती, हसली नाही.
बाबूची हाक आली. पिशवी उचलली. जड आहे.