डेक्लनचं ‘यू आर ग्रँड’

२ डिसें. २०२०, ल्यूकन, डब्लिन
तोच नियम पुन्हा वाचला. भारताच्या मालाला युरोप जकातीत सवलत देतो, पण ब्रेक्झिटमुळे १ जाने.पासून इंग्लंड त्यातून बाहेर. आमच्या चामड्याच्या पर्सेस नेहमीसारख्या लिव्हरपूलला कस्टममधून सोडवून मग डब्लिनला आणल्या, तर सवलत गेली. मग उषाताईंचा माल माझ्या आयरिश साहेबाला, डेक्लनला, महाग पडणार, आणि तो दुसरीकडून घेणार. कोल्हापुरात या पर्सेस शिवणाऱ्या त्यांच्या बचत गटाकडे लॉकडाऊननंतर ही एकच ऑर्डर उरलीय. कागदपत्रं मीच बघते, म्हणजे चुकलं तर मीच.

४ डिसें.
डेक्लनला फोन. पुढचा माल थेट डब्लिनला मागवू का? तो गाडीत, घाईत. "आह, यू आर ग्रँड."
हुश्श, हो म्हणाला. लगेच उषाताईंना कळवलं. "म्याडम, तुमी हाय म्हनून बरं हाय बगा."

१३ जाने. २०२१
डेक्लनचा फोन. माल लिव्हरपूलला का नाही? म्हटलं, तुम्हीच हो म्हणालात. "आय डिड नॉट." थेट बोट फेब्रु.शिवाय येत नाही आणि वेबसाइटवर गिऱ्हाइकं खोळंबलीत. त्याला वाटतंय मी परस्पर केलं. मला वाटतंय तो धडधडीत खोटं बोलतोय. वरण करपलं.

१४ जाने.
शाळा बंद, मीरा घरीच. जेवताना विचारलं, अजून एक पोळी?
"यू आर ग्रँड, आई."
वाढली. ती वैतागली, "आई! दॅट मीन्स नो थँक्स."
पाच वर्षं झाली इथे येऊन. डेक्लन नाहीच म्हणाला होता. आठ वर्षांच्या पोरीला कळतं ते मला...

१५ जाने.
डेक्लनला खरं सांगून टाकलं. आधी खूप हसला. मग म्हणाला, हा माल येऊ दे, पुढच्या ऑर्डरचं तेव्हा बघू. लाज वाटली. भीती जास्त.

५ फेब्रु.
बोट लागली. माल भारतातच बनल्याचा उषाताईंचा दाखला चालला, सवलत मिळाली. पण कंटाळून बऱ्याच गिऱ्हाइकांनी ऑर्डरी रद्द केल्यात. डेक्लनचा आवाज थंड. धीर करून विचारलं, पुढच्या ऑर्डरचं उषाताईंना कळवू का?
"आह, यू आर ग्रँड."
म्हणजे नकोच ना? की आत्ता नको? सरळ विचारायला हवं होतं. नाही विचारवलं.
उषाताईंचा मेसेज येऊन पडलाय. "साहेब काय म्हनले वो?"