आखाजीपर्यंतची ताकद

मेहकर, ३ फेब्रुवारी १९६३
झुंबरआत्या वडनेर भोलजीहून आली. विहिरीच्या पायरीवर घसरली होती. हाड मोडलेलं नाही, नुसता मुका मार. डॉक्टर म्हणाले, दुखणं ओसरलं की रोज थोडं चालवा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला स्वतःच्या घरी जायचंय. आतोबा गेल्यापासून त्यांच्या नावाची घागर ती तिथंच भरते. मी शाळेत जायच्या आधी तिनंच मला चुलीच्या राखेत बोट फिरवून अक्षरं शिकवली. आता माझी पाळी. आखाजीपर्यंत तिला ठणठणीत करणारच.

११ फेब्रुवारी
दुखणं कमी. आत्या काठी टेकत परसात निघाली होती. धावत जाऊन परत आणलं. डॉक्टरांना माझ्या जिवाची धास्ती काय ठाऊक! एस.टी.ची पायरी गुडघ्याएवढी उंच. तिच्यासाठी ताकद शिल्लक हवी. आपण पेवात ज्वारी साठवतो, तशी. रोज चालण्या-फिरण्यात खर्चली तर उरणार काय? प्लॅन पक्का: पूर्ण रेस्ट, दूध, शिरा.

२६ फेब्रुवारी
आत्या डाळ निवडायला मागते. दिली नाही. तांब्या, ताट सगळं बाजेवर. आंघोळ बाजेशेजारीच. शेजारच्या सुगराबी म्हणाल्या, एवढं तर आमच्या सुना पण करत नाहीत. फार समाधान वाटलं. मग अभिमान झाला म्हणून वाईट वाटलं.

१४ मार्च
काठी कोठीमागे ठेवली. आत्यानं विचारलं तर सापडत नाही म्हणाले. खोटं बोलणं पाप, पण ती पडली तर? संध्याकाळी म्हणाली, "कोकिळे, मले आंगनात तं जाऊ दे वं. पाय लाकडावानी होऊन राह्यले."
तेल चोळलं. पिंढऱ्या अगदी मऊ लागल्या, पूर्वीसारख्या टणक नाहीत. आराम लागू पडतोय.

२ एप्रिल
बाबांनी शेतातलं पेव उघडलं. वरची ज्वारी कुबट, काळी. बाबा म्हणाले, फार दिवस बंद राहिलं. मला वाटतं नीट झाकलं नसणार. घरी येऊन आत्याच्या अंगावर आणखी एक गोधडी घातली. ऊन मरणाचं आहे, पण कसूर नको.
हल्ली तिला उठवायला दोघं लागतात. उन्हाळा बाधला असेल.

२४ एप्रिल
बैलबंडीतून स्टँडवर. बाबा, मी, आत्या. आत्या नव्या लुगड्यात. बस लागली. तिनं दांडा धरला. पाय उचलेना. पुन्हा धरला. मी मनात म्हणत होते, काढ, आता साठवलेली काढ. मागून कोणीतरी म्हणालं, "उचला ना बे म्हातारीले, ऊन लागून राह्यलं." बाबांनी काखेत हात घातले. गुडघे दुमडले आणि ती पायरीवरच बसली.
कंडक्टर भला माणूस, आत घेतो म्हणाला. आत्यानं मान हलवली, बाबांना म्हणाली,
"वडनेरले मले कोन उचलीन? चाल रामराव, घरी चाल."


२६ एप्रिल, आखाजी
घागर इथंच भरली. मीच. आत्याला पाटावर उतरता येईना, तिनं बाजेवरून हात लावला. मी म्हणाले, आतोबा इथंही येतील.
"ते वडनेरलेच येतीन वं. कुलूप पाहून जातीन."
जेवली नाही. दोन घास भरवले, तेही तोंडात तसेच राहिले.
माझ्या प्लॅनमध्ये चूक नव्हती. वेळ कमी पडला. पुढच्या आखाजीला वर्ष आहे. उद्यापासून अंगणाचं नावसुद्धा काढू द्यायचं नाही.
काठी सापडली असं सांगून तिला दिली.  आता पडल्या पडल्या त्या काठीनं कोंबड्या हाकलते.