पिवळ्या शर्टातलं तिसरं मरण

कारधा,
ता. २८ ऑक्टोबर २०२५

ति. राखीताईस,
प्रितमचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेले आलो नाही, अन् पत्रही आज लिहू उद्या लिहू करत राहिलो. कागद घेऊन बसलो की पुलावर काहीतरी होऊन राहते, मग मी तिकडं. फोन नाही, हे तुले कळलंच असन. कठड्यावर उभा राहून व्हिडिओ काढत होतो, तो वैनगंगेत गेला. मी गेलो नाही, यात समाधान मान. दुसऱ्याच्या फोनवरून बोलावं तर माय स्पीकर लावते अन् अर्धी मोहाडी माझी हजामत ऐकते. म्हणून हा कागद.

आता खरी गोष्ट. ईश्वरमामा अन् पार्वतामामीसंग भंडाऱ्याले ‘भूकंपसिंग २’ पाहिला. पहिला भाग पाहून मी महिनाभर पायजम्यावर पट्टा बांधून फिरलो होतो, आठवते? या भागात आधी भूकंपसिंगचं पोट येते, मग तो येते. वारा नसताना कोट उडते. पहिल्या भागात माय मेली होती, यात ती चुलीपुढं भाकरी थापून राहिली. काहून, तर म्हणे ही मायची जुळी बहीण. मग बुटाची लेस टाकून त्यानं चालती रेल्वे थांबवली. लेस तुटली नाही, ताई! माझ्या चपलेचा अंगठा कारध्याहून भंडाऱ्यापर्यंत टिकत नाही.

मामा मधातच घोरले. उठल्यावर म्हणे, टॉकीजची थंडी हवा एक नंबर होती. मामी म्हणे, एवढ्या पिच्चरात पोरगा एकदाही जेवला नाही, राग येईन नाही तं काय. पानठेल्यावाला म्हणे, शिळी भाजी फोडणी देऊन वाढली, वरून दुप्पट मिरची.

पण कमाल होती पिवळ्या शर्टवाल्या गुंडाची. पुलावर मेला. मग बाजारात मेला. शेवटी किल्ल्यावर पुन्हा मेला. तोच शर्ट, तीच मिशी, छातीवर हात ठेवून त्याच तीन गिरक्या. मागं लाखनीची पब्लिक ट्रॅक्टर भरून आली होती. तो मेला की ते ‘वन्स मोर’ ओरडत. आपल्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात मरण रंगलं तर मेलेल्याले उठून पुन्हा मरावं लागते ना, तसं. मले वाटलं, पडदाही त्यांचं ऐकून राहिला.

बाहेर एक पोरगा माईक घेऊन साऱ्यांले विचारत होता, पिच्चर कसा वाटला. मी माईकच हातात घेतला. म्हटलं, पिच्चरचं जाऊ द्या, एका तिकिटात तीनदा मरणाऱ्या त्या गड्याले पोरगी कोण देईन? बिचारी एकाच नवऱ्याची तीनदा विधवा होईन! लोक पोट धरून हसले. तो व्हिडिओ म्हणे जिल्हाभर फिरून राहिला.

हो, बाबानं तुझ्यासाठी लाखनीचं स्थळ गुपचूप पाहून ये म्हटलं होतं. राईस मिलवाला आहे एवढं आठवते. नाव चिठ्ठीवर होतं, चिठ्ठी फोनच्या कव्हरात होती. जातोच या आठवड्यात.

माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर हरकत नाही.

तुझा,
प्रितम


मोहाडी,
ता. १ नोव्हेंबर २०२५

चि. प्रितमले अ. उ. आ.

आशीर्वाद पद्धत म्हणून लिहिले, मनातून निघाले नाहीत.

लाखनीचं स्थळ तू पाहून आला. तीनदा पाहिलं. त्यानं पिवळा शर्ट घातला होता.

भूपेंद्र नाव आहे त्याचं. मिलचा तांदूळ घेऊन ट्रकसंग हैद्राबादले गेला होता. तिथं पिच्चरवाल्यांले पडायले दणकट माणसं पाहिजे होती, तो उभा राहिला. बाबाले हे माहीत नव्हतं, मले होतं. आता साऱ्या जिल्ह्याले माहीत आहे, तुझ्या कृपेनं.

व्हिडिओ त्याच्या मायनं, कुंताबाईनं पाहिला. तिनं फोन करून बाबाले ऐकवलं की, पोरगी विधवा होईन याची ज्यांले एवढी फिकीर, त्यांनी पोरगी घरीच ठेवावी. येत्या रविवारी ते पोहे खायले येणार होते. आता येत नाहीत. बाबा कोणाशी बोलत नाहीत, माय साऱ्यांशी बोलते.

पिच्चर भिकार आहे, हे मले नको सांगू. मी स्वतः पाहिला. लेस दाखवली तेव्हा मी पण हसली. पण मागच्या वर्षीच्या मंडईत मी त्या माणसाले मरताना पाहिलं होतं. पब्लिकनं पुन्हा पुन्हा उठवलं, अन् दर वेळी तो असा मेला का जसा पहिल्यांदाच मरून राहिला. तू आयटीआय सोडलं, कोंबडीचं दुकान सोडलं, आता मामाच्या मंडपाचे बांबू किती दिवस धरशीन देव जाणे. तुले जगण्याचं एक काम मन लावून जमत नाही, अन् तू मरणाऱ्याले हसते!

मले तो पसंत आहे. हे मी कोणाले सांगितलं नाही, तुलेच लिहून राहिली. लाखनीले जा अन् माफी माग. रस्त्यात कुठं उतरू नको.

राग ओसरला की माया आपोआप येईन, तवर वाट पाय.

तुझी ताई,
राखी


कारधा,
ता. ७ नोव्हेंबर २०२५

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मामीनं मोठ्यानं वाचायले लावलं. ऐकून मामा म्हणे, हा पण माझ्यासारखा झोपला असता तर एक लग्न वाचलं असतं.

मी काल निघालो होतो, देवाशपथ. पण रस्त्यात एका गावी मंडई भरली होती, अन् गाडीच्या खिडकीतून जिलेबीचा वास आला. उतरलो. तिथं लोकांनी ओळखलं, हाच तो माईकवाला. एक म्हातारी म्हणे, बाप्पा, तोंड तं लय चालते तुझं, जरा मरून दाखव. नाटकातला एक शिपाई आला नव्हता, त्यांनी भाला देऊन मलेच चढवलं. राजानं तलवार हाणली, मी पडलो. पडल्यावर नाक खाजलं. खाजवलं. मग कोणी हसून राहिलं का म्हणून मान वर करून पाहिलं. कोणी हसत पण नव्हतं, ताई. ‘वन्स मोर’ दूरच, म्हातारी ओरडली की त्याले बाजूले करा, पायात येऊन राहिला. तवर लाखनीची शेवटची गाडी गेली.

आज मंडपाचं काम होतं. उद्या पक्का जातो. भूपेंद्रभाऊले सांगतो की मी पण मरून पाहिलं, मले एकदाही जमलं नाही

थांब. अंगणात मोटारसायकल आली.

ताई, पिवळा शर्ट! मागं एक बाई गाल फुगवून बसली आहे. मी दारात गेलो, तर त्यानं मले पाहिलं, छातीवर हात ठेवला, तीन गिरक्या घेतल्या अन् मामीच्या सड्या-रांगोळीवर आडवा झाला. मामी तोंडावर धरलेला पदर सोडून ‘वन्स मोर’ ओरडली. तो उठला, पुन्हा मेला. कुंताबाई म्हणे, ऊठ बे, शर्ट सकाळीच धुतला. पण गाल पहिल्यासारखे फुगलेले नाहीत.

पडल्या पडल्या म्हणे, काल मंडईत तू कसा मेला हे लाखनीले कळलं, म्हणून खरं मरण दाखवायले आलो. तो उठत नाही. म्हणे, ज्या तोंडानं विचारलं कोण पोरगी देईन, त्याच तोंडानं सांग. मी पुलापर्यंत ऐकू जाईन असं ओरडलो, आमची राखी! तर एक डोळा उघडून म्हणे, तिले विचारलं का?

पत्र इथंच थांबवतो. मामाच्या फोनवरून तुले लावून राहिलो. माय स्पीकर लावते तर लावू दे. जे म्हणायचं ते जोरात म्हण, अंगणात मेलेल्याले ऐकू आलं पाहिजे.

तुझा,
प्रितम