फार महत्त्वाची चिठ्ठी

३ फेब्रुवारी, सोमवार

टकळीला आजही चिठ्ठी देऊन पिटाळलं. एका दिवसात दुसऱ्यांदा!

टकळी म्हणजे माझ्या पहिलीच्या वर्गातली, दुसऱ्या बाकावरची. नाव चांगलं आहे पोरीचं, पण तोंडाला खळ नाही, म्हणून स्टाफरूममध्ये हे नाव पडलं — म्हणजे मीच पाडलं. आज वजाबाकी कुठे जरा रंगात आली, तर ही उभी. "बाई, शून्य म्हणजे काहीच नाही ना? मग ते लिहायचं कशाला?" वर्ग खिदळला. मला उत्तर सुचलं नाही, म्हणून राग आला. कागद फाडला, लिहिलं — डोकं उठवलंय हिनं, दहा मिनिटं तिकडेच अडकवून ठेवा — चार घड्या घातल्या आणि शेजारी दुसरीच्या बाईंकडे धाडलं.

"महत्त्वाचं आहे ना, बाई?"

"फार महत्त्वाचं."

दोन्ही हातांत धरून गेली. दोन महिने झाले हा प्रकार सुरू आहे. तिला अजून वाचता येत नाही, या भरवशावर! इथे लिहितानासुद्धा कसंतरी होतंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा पाठवली. वर्ग गप्प. छान शिकवून झालं — वाचनाचा तास होता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

टकळीची आई आली होती. शिवणकाम करते, बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. येत्या गुरुवारी हेडबाई एकेका मुलाचं वाचन ऐकणार आणि ज्यांना जमणार नाही त्यांना पुन्हा पहिलीतच बसवणार, हे तिच्या कानावर गेलंय.

"घरी सांगते, बाई महत्त्वाची कामं मलाच देतात. मग वाचता का येत नाही हो तिला?"

मी म्हणाले, "लक्षच नसतं तिचं."

धडधडीत! वाचनाच्या तासाला पोरीला बाहेर काढते मी, आणि लक्ष नसतं म्हणे. बिचारीनं मान खाली घातली. खरं तर ती मी घालायला हवी होती. इतकी लाज वाटली की डबाही उघडला नाही.

चिठ्ठी बंद. आजपासून बंद.

१० फेब्रुवारी, सोमवार

साडेदहापर्यंत टिकले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

टकळीनं वाचलं!

हेडबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. तिचा नंबर आला तशी मी खिडकीशी जाऊन उभी राहिले — तिची फजिती बघवणार नव्हती. आणि मागून तिचा आवाज. दमादमानं, अख्खं पान. एका जोडाक्षराशी अडली, मागे गेली, पुन्हा आली, पार झाली.

"कमाल केलीत तुम्ही," हेडबाई म्हणाल्या. "हिची मी आशाच सोडली होती."

हे कसं झालं मला ठाऊक नाही, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "थोडी मेहनत घ्यावी लागली."

शाळा सुटताना तिची आई. डोळे भरलेले. "तुमच्यामुळे," एवढंच बोलली. मी म्हणाले, "अहो, कामच आहे आमचं." वर हसलेसुद्धा! घरी नवऱ्यानं विचारलं, काय झालं? म्हटलं, दमलेय. दिवसभरात एक वाक्य खरं बोलले नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शेजारच्या दुसरीच्या बाई स्टाफरूममध्ये वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाचलं ना गं तिनं?"

"म्हणजे, तुम्ही?"

"दहा मिनिटं ठेवा म्हणायचीस. नुसती बसवून काय करू? माझी मुलं पाढे लिहायची, ही खुर्चीशी उभी राहून वाचायची. हुशार आहे. विचारते फार, पण उत्तर दिलं की गप्प होते."

उत्तर दिलं की! वर्ष संपत आलं, मला एवढं सुचलं नाही. मी गळ घातली, हेडबाईंना सांगा तुम्ही. तर म्हणाल्या, "मला काय करायचंय? वाटलं तर तूच सांग." मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिठ्ठ्यांचं काय केलंत, हे विचारायचं धाडस झालं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हेडबाईंना सगळं सांगून टाकलं.

वाचनाच्या तासाला टकळीला पहिल्या बाकावर घेतलं. ती उठून टेबलाशी आली, इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून कानाशी लागली.

"बाई, डोकं उठलं की नुसतं बोट दाखवा, मी जाईन दहा मिनिटं. चिठ्ठी नका लिहू. मला पाठ झालीय."